शिकेनरी: नियमात बसवलेल्या लबाडीचा इंग्रजी शब्द कसा वापरावा

इंग्रजी संपादकीयं वाचायला सुरुवात केली की थोड्याच दिवसांत ‘शिकेनरी’ हा शब्द गाठ पडतो. शब्दकोश उघडावा तर लबाडी, कपट, चलाखी असे प्रतिशब्द ओळीने मांडलेले दिसतात. त्यात चूक काही नाही, पण तेवढ्यावर विसंबून वाक्य करायला गेलं की गडबड होते. भाजीवाल्याने मापात मारलं, मित्राने उसने पैसे बुडवले, धाकट्याने लाडू लपवले, सगळीकडे शिकेनरीच! इंग्रजी नीट जाणणारा माणूस अशा वाक्यावर अडखळतो, पण काय खटकलं ते त्यालाही चटकन सांगता येत नाही.

स्पर्धा परीक्षेसाठी शब्दसंग्रह वाढवणारे, कचेरीत इंग्रजीत टिपणं लिहिणारे आणि इंग्रजी बातमीचं मराठी करायला बसणारे अशा तिघांनाही उपयोगी पडेल अशा बेताने हा लेख लिहिला आहे. पायऱ्या क्रमाने घ्या. दुसरी पायरी लांब आहे, पण तिच्यावरच बाकीचं उभं आहे. तेवढी वगळू नका.

पहिली पायरी: उच्चार आणि स्पेलिंग

स्पेलिंग असं: सी, एच, आय, सी, ए, एन, ई, आर, वाय. सुरुवातीचं सी-एच पाहून बहुतेक जण ‘चिकनरी’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कोंबड्यांचा धंदा आठवतो. शब्द फ्रेंचमधून आला आहे, म्हणून इथे सी-एचचा उच्चार ‘श’ होतो. शेफ, मशीन, पॅराशूट, ब्रोशर यांत तो आपण रोज करतोच. लक्षात ठेवायला सगळ्यात सोपं शहर म्हणजे शिकागो. शिकागो म्हणता येतं त्याला शिकेनरी म्हणता येतं.

आघात ‘के’वर द्यायचा: शि-के-नरी. शेवटचं ‘नरी’ हलकं, जवळजवळ गिळल्यासारखं. फिल्टर कॉफीच्या पाकिटावर असते ती चिकरी वेगळी. तिथे सी-एचचा उच्चार ‘च’च आहे आणि तिचा या शब्दाशी काडीचा संबंध नाही.

दुसरी पायरी: अर्थाचा गाभा पकडणे

फ्रेंचमध्ये ज्या क्रियापदापासून हा शब्द निघाला त्याचा रोख कोर्टकचेरीकडे होता: दावे लावत बसणं, कायद्याच्या शब्दांवरून किस पाडणं, फाटे फोडणं. सतराव्या शतकाच्या आरंभी तो इंग्रजीत आला आणि तो वास अजून त्याला आहे. शिकेनरी म्हणजे नुसती लबाडी नव्हे. नियम, कागद किंवा शब्द यांनाच हत्यार करून केलेली लबाडी ती शिकेनरी. करणारा माणूस पकडला गेला तरी म्हणू शकतो, “दाखवा, कोणता नियम मोडला?” हे वाक्य त्याच्या तोंडी शोभत असेल, तर शब्द बरोबर निवडला असं समजा.

आपल्याच देशातलं एक प्रकरण घेऊ. त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे.

विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना निकड आली तर राज्यपालांना वटहुकूम काढता येतो. राज्यघटनेच्या २१३व्या कलमात तशी सोय आहे. पण तिला मर्यादा घातलेली आहे. विधिमंडळ पुन्हा भरल्यावर तो वटहुकूम सभागृहापुढे ठेवावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. तात्पुरती सोय, तात्पुरतीच राहावी, हा हेतू स्पष्ट आहे.

बिहार सरकारने यातून वाट काढली. वटहुकूम काढायचा. अधिवेशन भरलं तरी विधेयक मांडायचं नाही. अधिवेशन संपलं की तोच मजकूर, तीच कलमं घेऊन नवा वटहुकूम काढायचा. पुढच्या अधिवेशनानंतर पुन्हा तेच. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम निघाले आणि अशा फेरजारीमुळे ते एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत राहिले. आमदारांनी ज्यावर कधी मत दिलंच नाही असे कायदे लोकांना लागू होत होते. आणि यातला प्रत्येक वटहुकूम सुटा काढून पाहिला तर त्यात बेकायदा असं काही दिसत नव्हतं.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी हा सगळा हिशेब कागदोपत्री मांडला आणि सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर १९८६मध्ये निकाल लागला. न्यायालयाने या प्रथेला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं आणि खटल्याच्या खर्चापोटी वाधवांना दहा हजार रुपये द्यायला बिहार सरकारला सांगितलं. पुढे २०१७मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बिहारच्याच दुसऱ्या प्रकरणात ही भूमिका आणखी पक्की केली.

आता शब्दाकडे या. बिहार सरकारने जे केलं त्याला इंग्रजीत ‘थेफ्ट’ म्हणता येणार नाही, कारण चोरी झालेली नाही. ‘लाय’ही नाही, कारण खोटं कुणी बोललं नाही. त्याला ‘कॉन्स्टिट्यूशनल शिकेनरी’ म्हणता येईल. सहा आठवड्यांचा नियम अक्षरशः पाळायचा आणि तो पाळूनच त्याला गाडायचं, हा प्रकार या एका शब्दात मावतो.

दुसरं उदाहरण पैशांच्या जगातलं. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर न्यायालयाने नेमलेल्या तपासनिसाचा भलामोठा अहवाल मार्च २०१०मध्ये आला आणि त्यातून ‘रेपो १०५’ हे प्रकरण जगासमोर आलं. रेपो म्हणजे रोखे तात्पुरते हवाली करून पैसे उचलणं आणि ठरलेल्या दिवशी पैसे परत देऊन रोखे सोडवणं. सरळ भाषेत कर्जच. लेहमनने काय केलं, तर शंभर डॉलर उचलताना एकशे पाच डॉलरचे रोखे द्यायचे. हिशेबाच्या नियमांचा असा अर्थ लावला की एवढे जादा रोखे दिले तर व्यवहार कर्ज न राहता विक्री ठरतो. तिमाही संपायच्या तोंडावर हे व्यवहार करायचे, आलेल्या पैशांतून दुसरी देणी फेडायची, ताळेबंद हलकाफुलका दाखवायचा आणि काही दिवसांत रोखे परत घ्यायचे. २००८च्या मध्याला अशा रीतीने सुमारे ५० अब्ज डॉलर ताळेबंदाबाहेर गेले होते. अमेरिकी कायद्याखाली याला विक्री म्हणायला तिथली वकील मंडळी तयार होईनात, म्हणून लंडनच्या एका वकिली कंपनीकडून इंग्लंडच्या कायद्यानुसार अभिप्राय घेतला आणि व्यवहार युरोपातल्या शाखेमार्फत फिरवले.

‘अकाउंटिंग शिकेनरी’ म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. त्या वकिली अभिप्रायाकडे विशेष लक्ष द्या. साधा भामटा असा अभिप्राय मागत नाही. त्याला गरजच नसते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंग्रजीत हा शब्द सैलपणेही वापरला जातो. एखादा स्तंभलेखक कुठल्याही राजकीय डावपेचाला शिकेनरी म्हणून मोकळा होतो आणि शब्दकोश त्याला चूक ठरवत नाही. पण सैल वापर जुन्या खेळाडूने करावा. नव्याने शिकणाऱ्याने नियम-कागद-शब्द ही खूण धरून चालावं, म्हणजे वाक्य कधी फसत नाही.

तिसरी पायरी: मराठीत काय म्हणायचं

इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे. ‘छल’ हा शब्द आपल्याकडे नुसत्या छळाचा भाऊ नाही. न्यायदर्शनात तो वादातल्या लबाडीचं नाव आहे आणि त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाक्छल, सामान्यछल आणि उपचारछल. वाक्छलाचं ठरलेलं उदाहरण घोंगडीचं. कुणी म्हणतं, “हा मुलगा नवकंबल आहे,” म्हणजे त्याच्याकडे नवी घोंगडी आहे. प्रतिवादी लगेच उठतो, “कुठे आहेत नऊ घोंगड्या? मला तर एकच दिसते!” नव म्हणजे नवीन हे त्याला पुरतं ठाऊक आहे. तरी नव म्हणजे नऊ धरून तो बोलणाऱ्याला खोटा पाडतो. फ्रेंच क्रियापदातला किस पाडण्याचा अर्थ याहून वेगळा नाही. म्हणून वकिली किंवा वादातली शिकेनरी असेल तर ‘शब्दच्छल’ हा प्रतिशब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो.

पण सगळीकडे तो चालणार नाही. ताळेबंदातल्या शिकेनरीला शब्दच्छल म्हटलं तर वाचक गोंधळेल, तिथे ‘हिशेबातली चलाखी’ बरी. राजकारणात ‘छक्केपंजे’ किंवा ‘चालबाजी’ फिट बसतात. सरकारी कामकाजात ‘नियमांवर बोट ठेवून केलेली लबाडी’ असं लांबलचक लिहावं लागलं तरी लिहा. एका शब्दाला एकच शब्द द्यायचा हट्ट भाषांतरात नडतो.

‘पळवाट’ मात्र प्रतिशब्द म्हणून वापरू नका. पळवाट ही नियमातली फट, इंग्रजीत ‘लूपहोल’. त्या फटीतून कावेबाजपणे निसटणं ही शिकेनरी. फट आणि निसटणारा यांत फरक ठेवलाच पाहिजे.

आणि ‘गनिमी कावा’? शब्दकोशात कावा दिसला म्हणून विद्यार्थी हमखास इथे घसरतात. १६६६मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, औरंगजेबाच्या हातावर तुरी दिल्या, मिठाईच्या पेटाऱ्यांची कथा घराघरात सांगितली जाते. त्याला शिकेनरी म्हटलं तर अर्थही चुकतो आणि सूरही. शत्रूला चकवण्याच्या युक्तीला इंग्रजीत ‘रूज’ किंवा ‘स्ट्रॅटजम’ म्हणतात, आणि हातावर तुरी देण्याला चक्क ‘गिव्ह समवन द स्लिप’ असा वाक्प्रचार आहे. त्या शब्दांत कौतुकाला जागा आहे. शिकेनरीत कौतुक कधीच नसतं. ज्याच्याबद्दल लिहाल त्याला तो शब्द खालीच खेचतो.

चौथी पायरी: व्याकरण

शिकेनरी हे नाम आहे आणि ते मोजता येत नाही. ‘अ शिकेनरी’ किंवा ‘टू शिकेनरीज’ असं लिहू नये. अनेकवचन शब्दकोशात सापडतं, जुन्या गद्यातही दिसतं, पण आज ते वापरलं तर पोशाखी वाटतं. एखादी ठरावीक घटना सांगायची असेल तर ‘अ पीस ऑफ शिकेनरी’ किंवा ‘अ‍ॅन अ‍ॅक्ट ऑफ शिकेनरी’ म्हणा.

क्रियापद जोडताना मराठीतलं ‘लबाडी केली’ डोक्यात घोळत असतं आणि ‘ही डिड शिकेनरी’ असं वाक्य बाहेर पडतं. इंग्रजी कानाला ते बरं लागत नाही. ‘रिझॉर्ट टू शिकेनरी’ म्हणजे शिकेनरीचा आधार घेणं, ‘एंगेज इन शिकेनरी’ म्हणजे तीत गुंतणं, ‘अक्यूज समवन ऑफ शिकेनरी’ म्हणजे तसा आरोप करणं. साधन म्हणून आली तर ‘थ्रू शिकेनरी’ किंवा ‘बाय शिकेनरी’. दोन वाक्यं पाहा:

दे हेल्ड ऑन टू द लँड थ्रू लीगल शिकेनरी.

द ऑपोझिशन अक्यूज्ड द स्पीकर ऑफ प्रोसीजरल शिकेनरी.

पहिल्यात कोर्टकज्ज्यांच्या जोरावर जमीन दाबून ठेवली आहे. दुसऱ्यात अध्यक्षांनी कामकाजाचे नियम हवे तसे वाकवले असा आरोप आहे. दोन्ही वाक्यांत शिकेनरीच्या आधी विशेषण आहे हे योगायोगाने झालेलं नाही.

विशेषण रूप हवं असेल तर ते या शब्दाला नाही असंच समजा. ‘शिकेनरस’ वगैरे बनवू नका. तिथे ‘अंडरहँड’, ‘डिव्हियस’ किंवा बोलीत ‘शेडी’ वापरा. मूळच्या ‘शिकेन’चं क्रियापदही आहे, पण ते आज फारसं कुणी वापरत नाही.

नाम म्हणून ‘शिकेन’ मात्र तुम्हाला वेगळ्याच ठिकाणी भेटेल. मोटारशर्यतीच्या वाटेवर गाड्यांचा वेग मुद्दाम कमी करायला जी छोटी नागमोडी वळणं घालतात त्यांना शिकेन म्हणतात. इटलीतल्या मोंझाच्या शर्यतमार्गावर गाड्या फारच सुसाट जायला लागल्यावर १९७२मध्ये ती आणली गेली. सरळ रस्ता सोडून वेडंवाकडं जायला लावणं एवढंच दोन्हींत समान. ब्रिजच्या खेळातही हुकमाचं एकही पान नसलेल्या हाताला पूर्वी शिकेन म्हणत. शर्यतीच्या बातमीत ‘ही मिस्ड द शिकेन’ वाचलं तर लबाडी शोधत बसू नका.

पाचवी पायरी: सोबत येणारे शब्द

‘लीगल शिकेनरी’ हे सगळ्यात जुनं आणि पक्कं जोडपं. आपल्या न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी १९७७च्या एका निकालात म्हटलं होतं की दाव्याला काही आधार नसताना केवळ चतुर मसुद्याने तसा भास निर्माण केला असेल, तर न्यायाधीशाने पहिल्याच सुनावणीत तो अंकुर खुडून टाकावा. तो ‘चतुर मसुदा’ म्हणजे लीगल शिकेनरीचा नमुनाच. दिवाणी कोर्टात आजही प्रतिवादीचे वकील दावा सुरुवातीलाच फेटाळून मागताना या निकालाचा दाखला देतात.

‘पोलिटिकल शिकेनरी’ आणि ‘इलेक्टोरल शिकेनरी’ यांसाठी अमेरिकेचा इतिहास भरपूर मालमसाला पुरवतो. १८१२मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाला सोयीचे मतदारसंघ आखणारा कायदा मंजूर केला. त्यातला एक मतदारसंघ नकाशावर सरड्यासारख्या सॅलमँडर प्राण्यासारखा दिसत होता, म्हणून बोस्टनच्या वृत्तपत्राने त्याची थट्टा केली आणि ‘जेरीमँडरिंग’ हा शब्द जन्माला आला. (गव्हर्नरसाहेबांचं आडनाव गेरी, शब्दाचा उच्चार मात्र जेरी. इंग्रजीच्या अशा खोड्यांना इलाज नाही.)

त्याहून बोचरं उदाहरण ओक्लाहोमाचं. १९१०मध्ये तिथे मतदानासाठी साक्षरतेची परीक्षा लागू झाली. ज्यांच्या वाडवडिलांना १ जानेवारी १८६६ रोजी मताचा हक्क होता त्यांना परीक्षेतून सूट मिळाली. नियमात गोरा किंवा काळा हा शब्द कुठेही नव्हता. पण १८६६ साली बहुतेक कृष्णवर्णीयांना मताचा हक्कच नव्हता, त्यामुळे परीक्षा कुणाला द्यावी लागणार हे न लिहिताच ठरलं होतं. १९१५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही ‘आजोबा’ तरतूद रद्द केली. आज कचेऱ्यांत ‘ग्रँडफादर क्लॉज’ हा शब्द जुन्या ग्राहकांना सवलत या निरुपद्रवी अर्थाने सर्रास वापरतात, मूळ असं आहे.

याशिवाय ‘फिनान्शियल’, ‘ब्युरोक्रॅटिक’, ‘प्रोसीजरल’ ही विशेषणं चालतात. जोर द्यायचा तर ‘शियर शिकेनरी’. घरगुती विशेषणं लावू नका. ‘किचन शिकेनरी’ विनोद म्हणून चालेल, निबंधात नाही.

सहावी पायरी: शेजाऱ्यांची ओळख

लबाडीसाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. सगळे एकदम पाठ करण्यात अर्थ नाही. रोज लागणारे तेवढे घेऊ.

‘फ्रॉड’ हा गुन्हा आहे. पैसे किंवा मालमत्ता लुबाडण्यासाठी ठरवून केलेली फसवणूक. आपण चारसोबीस म्हणतो ती हीच. आता भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम ३१८ झालं, पण चारसोबीसला कुणी तीनशे अठरा म्हणेल असं वाटत नाही. शिकेनरी गुन्हा असेलच असं नाही. पुष्कळदा ती गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभी असते. पाय आत पडला की बातमीदार शब्द बदलतो.

‘सब्टरफ्यूज’ म्हणजे खरा हेतू लपवायला घेतलेला बहाणा किंवा पांघरलेलं सोंग. हा मोजता येतो, ‘अ सब्टरफ्यूज’ चालतं. गॅसची तपासणी करायला आलो म्हणून घरात शिरणारा माणूस सब्टरफ्यूज वापरतो.

‘स्कलडगरी’मध्ये कारस्थानाचा आणि अंधाराचा वास आहे: बंद खोलीतल्या भेटी, गायब फायली. यात कवटी नाही. जुन्या स्कॉटिश बोलीत व्यभिचाराला वापरत त्या शब्दाचं हे बदललेलं रूप. ब्रिटिश एक एल लिहितात, अमेरिकेत दोन लिहिण्याची पद्धत आहे, आणि दोन एल पाहून लोकांना उगाच कवटी आठवते.

‘शनॅनिगन्स’ हलका शब्द, बहुधा अनेकवचनीच येतो. मराठीतले उपद्व्याप, चाळे, भानगडी. पोरांच्या खोड्यांपासून कंपनीच्या खटपटींपर्यंत कुठेही चालतो आणि सोबत जरा हसू असतं. मघाशी लाडू लपवणारा धाकटा इथे बसतो.

‘स्लाइट ऑफ हँड’ म्हणजे हातचलाखी. स्पेलिंग पाहून ‘स्लेट’ म्हणू नका, उच्चार ‘स्लाइट’. ‘गाइल’ हा माणसाचा गुण (अवगुण म्हणा): कावेबाजपणा. माणसात गाइल असतो, त्याच्या कृतीत शिकेनरी दिसते. ‘सॉफिस्ट्री’ नुसत्या युक्तिवादात असते, तिला कागद लागत नाही. आणि कुणी टोपी घातली, शेंडी लावली, गंडवलं अशा मराठमोळ्या क्रियापदांना ‘कॉन’, ‘ड्यूप’, ‘हुडविंक’ ही क्रियापदं जुळतात. त्यांच्या जागी शिकेनरी कोंबू नये.

सातवी पायरी: कुठे वापरायचा, कुठे आवरायचं

हा लिहिण्यातला शब्द आहे. संपादकीय, निकालपत्र, निबंध, वादविवाद स्पर्धा इथे शोभतो. मित्राशी चहा पिताना ‘शिकेनरी’ म्हटलं तर तो तुमच्याकडे वर-खाली पाहील. तिथे ‘डर्टी ट्रिक्स’ किंवा ‘शेडी’ पुरतं.

कचेरीच्या ईमेलमध्ये तर हात आखडता घ्या. ‘युअर टीम्स शिकेनरी’ असं लिहिलंत की तुम्ही समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवलं. चूक झाली असेल तर ‘एरर’, माहिती दडवली असेल तर ‘नॉट डिस्क्लोज्ड’ लिहा आणि पुरावा जोडा. नाव घेऊन जाहीर लिहीत असाल तर बदनामीचं कलमही आहे, न्याय संहितेत ते ३५६. ‘अलेज्ड’ हा शब्द आधी लावला म्हणजे सुटलो असं मानणारे पुष्कळ आहेत. ते तितकं सोपं नाही.

परीक्षेसाठी: समानार्थी विचारला तर पर्यायांत बहुधा ‘ट्रिकरी’ किंवा ‘डिसेप्शन’ असतं, ते निवडा. विरुद्धार्थी म्हणून ‘ऑनेस्टी’ किंवा ‘कँडर’. पर्यायांत ‘ट्रिकरी’ आणि ‘फ्रॉड’ दोन्ही आले तर ‘ट्रिकरी’कडे झुका. वस्तुनिष्ठ प्रश्नाला एवढं ज्ञान पुरतं. या लेखातलं बाकीचं तिथे कामाला येणार नाही, निबंधाच्या पेपरात येईल.

आठवी पायरी: सराव

खालचे प्रसंग वाचा, स्वतः शब्द ठरवा आणि मगच पुढचं वाचा.

फोनवर पोलिस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घातली आणि पैसे उकळले. इथे ‘फ्रॉड’ किंवा ‘स्कॅम’. कायद्यात अशी अटक नाहीच, म्हणजे नियम वाकवलाही नाही, सरळ खोटं बोललं गेलं.

गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीने सर्वसाधारण सभेची सूचना चौदा दिवस आधी लावली. लावली ती मात्र कुणी वापरत नाही अशा मागच्या जिन्यातल्या फलकावर, आणि सभेची वेळ ठेवली कामाच्या दिवशी दुपारी तीनची. शंभर टक्के ‘प्रोसीजरल शिकेनरी’. कुणी विचारलं तर सचिव तारखेनिशी फलकाचा फोटो दाखवणार.

जत्रेत तीन वाट्या फिरवून गोळी गायब केली. करमणुकीसाठी असेल तर ‘स्लाइट ऑफ हँड’, पैज लावून लुबाडलं असेल तर ‘कॉन’.

गॅदरिंगच्या आदल्या रात्री पोरांनी प्राचार्यांच्या खुर्चीला फुगे बांधले. ‘शनॅनिगन्स’. शिकेनरी लिहिलं असेल तर दुसरी पायरी परत वाचा.

एका कारखान्याने ३१ मार्चला माल गोदामातून बाहेर काढून जवळच्याच भाड्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवला आणि तो विकला गेला असं दाखवून वर्षाचा खप वाढवला. गिऱ्हाईकच नसेल, बिलं बनावट असतील तर ‘फ्रॉड’. पण गिऱ्हाईक खरं असेल, त्याच्याकडून ‘माल नंतर उचलतो, बिल आता करा’ असं पत्र घेतलेलं असेल आणि त्या पत्रात कुठल्याशा कोपऱ्यात ‘नको असल्यास परत’ अशी ओळ असेल, तर ‘अकाउंटिंग शिकेनरी’. ऑडिटर आधी ती ओळ शोधतो, तुम्हीही शब्द ठरवताना तीच शोधा.

शेवटचा जरा अवघड. एक अधिकारी चौकशीत सांगतो, “त्या फाइलवर माझी सही नाही.” फाइल काढून पाहिली तर सही खरंच नाही, फक्त आद्याक्षरं आहेत. तेवढं वाक्य म्हणजे ‘क्विबल’, घोंगडीवाल्या प्रतिवादीचा वाक्छल. पण त्याने मुळातच पूर्ण सही टाळून आद्याक्षरं घातली ती पुढे असं म्हणता यावं म्हणूनच, हे उघड झालं तर तुम्ही ‘शिकेनरी’ लिहू शकता. नुसता संशय असेल तर ‘क्विबल’वरच थांबा.